माँ ब्लाँच्या फेरीचा शेवटचा दिवस: ला फ्लेजेरहून ले ऊशला कसे उतरावे

माँ ब्लाँ पर्वतसमूहाभोवतीची पायी फेरी, म्हणजे ‘तूर द्यु माँ ब्लाँ’, सुमारे १७० किलोमीटरची असून ती फ्रान्स, इटली आणि स्वित्झर्लंड या तीन देशांतून जाते. बहुतेक लोक ती दहा-अकरा दिवसांत, घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने पूर्ण करतात, त्यामुळे तिची सुरुवात आणि शेवट ही दोन्ही शामोनी खोऱ्यातील ले ऊश या गावी होतात. तयारी करताना पहिल्या दिवसाचा, उंच खिंडींचा आणि सॅकच्या वजनाचा पुष्कळ विचार केला जातो. शेवटच्या दिवसाला मात्र ‘आता काय, उतरायचेच आहे’ असे म्हणून वाऱ्यावर सोडले जाते, आणि बरेच जण त्याच संध्याकाळचे विमानही काढून ठेवतात. हा दिवस फेरीतील कठीण दिवसांपैकी एक आहे आणि त्याला परतीच्या प्रवासापासून पूर्णपणे वेगळे ठेवावे, असे माझे स्पष्ट मत आहे. तो नीट पार पाडण्यासाठी काय करावे, ते येथे क्रमाने सांगत आहे.

आधी वाट समजून घ्यावी

शेवटचा टप्पा सामान्यतः ला फ्लेजेर (१८७७ मीटर) येथून सुरू होतो आणि सुमारे सतरा किलोमीटरनंतर ले ऊशच्या रेल्वे स्थानकाजवळ, म्हणजे साधारण ९८० मीटर उंचीवर, खोऱ्याच्या तळाशी येऊन संपतो. मधे वाट ब्रेव्हाँच्या २५२५ मीटर उंच माथ्यावर चढते. याचा अर्थ असा की सकाळी सात-आठशे मीटर चढून झाल्यावर माथ्यापासून १५०० मीटरहून अधिक उतार सलग उतरायचा असतो, आणि तोही दहा दिवस चालून थकलेल्या पायांनी. आपल्या कळसूबाईची समुद्रसपाटीपासूनची उंची १६४६ मीटर आहे. तिच्या शिखरावरून निघून जवळजवळ समुद्रकिनाऱ्यापर्यंत एका दमात खाली यायचे आहे अशी कल्पना केली, म्हणजे या उतरणीचा आवाका सह्याद्रीत हिंडलेल्या माणसाच्या ध्यानात येईल. थांबे धरून या टप्प्यास आठ ते नऊ तास लागतील असे गृहीत धरावे. मार्गदर्शक पुस्तकांत दिलेले सहा-सात तास हे केवळ चालण्याचे असतात. त्यांत जेवण, छायाचित्रे आणि गुडघ्यांची कुरकुर धरलेली नसते.

हा सगळा टप्पा शामोनी खोऱ्याच्या उत्तरेकडील एग्वी रूज या डोंगररांगेच्या अंगाने जातो. खोऱ्याच्या पलीकडे, समोरासमोर, माँ ब्लाँची संपूर्ण रांग उभी असते, आणि ज्या पर्वताभोवती इतके दिवस फिरलो तो अखेर पायथ्यापासून माथ्यापर्यंत एका नजरेत दिसतो. मात्र ही बाजू दक्षिणाभिमुख असल्यामुळे दुपारी कडक तापते, आणि झाडी बरीच खाली उतरल्यानंतरच सुरू होते. सावली मिळत नाही, पाणीही जवळजवळ मिळत नाही. वेळेचे आणि पाण्याचे सगळे नियोजन या एका गोष्टीभोवती करावे लागते.

आदल्या संध्याकाळची कामे

ला फ्लेजेरच्या रेफ्यूजमध्ये, म्हणजे डोंगरातील मुक्कामाच्या निवाऱ्यात, जागा मिळाली असेल तर उत्तम. ती मोजकीच असल्यामुळे हंगामात लवकर भरते. ती न मिळाल्यास लोक केबल कारने खाली ले प्रा गावात किंवा शामोनीत मुक्काम करतात आणि सकाळी पुन्हा वर येतात. यात वाईट काही नाही, परंतु सकाळची पहिली केबल कार सुटेपर्यंत दिवसाचा थंड वेळ निघून गेलेला असतो, आणि या केबल कार दुरुस्तीसाठी किंवा नूतनीकरणासाठी अधूनमधून दीर्घकाळ बंदही असतात. म्हणून आपल्या तारखांना ती चालू आहे की नाही, हे त्याच वर्षीच्या वेळापत्रकावरून, मुक्काम ठरवण्यापूर्वीच पाहावे. एखाद्या ओळखीच्याने ‘मागच्या वर्षी चालू होती’ असे सांगितले, तर ती माहिती येथे निरुपयोगी समजावी.

रेफ्यूजमध्ये रात्रीच्या जेवणाआधी तीन कामे उरकावीत. पहिले, दुसऱ्या दिवसाचे पॅक केलेले जेवण सांगून ठेवावे आणि शाकाहारी असल्यास ते पुन्हा एकदा स्पष्ट सांगावे, कारण आरक्षणाच्या वेळी दिलेली सूचना स्वयंपाकघरापर्यंत पोहोचलेली असतेच असे नाही. ‘मांस नको’ एवढेच सांगितले तर हॅमच्या जागी मासा येण्याची शक्यता राहते, म्हणून मासाही नको हे वेगळे सांगावे. दुसरे, हिशेब रात्रीच चुकता करावा. काही रेफ्यूजमध्ये कार्ड चालत नाही किंवा नेटवर्क नसल्यामुळे यंत्र बंद असते, त्यामुळे शेवटच्या मुक्कामापुरते रोख युरो राखून ठेवणे शहाणपणाचे. तिसरे, हवामानाचा अंदाज पाहावा. रेफ्यूजच्या दारात बहुधा तो लावलेला असतो. फ्रेंच येत नसले तरी वादळाचे चिन्ह आणि त्याखालची वेळ कोणालाही समजते, आणि शंका राहिल्यास रेफ्यूजचालकाला विचारावे. हा माणूस रोज सकाळी त्याच डोंगराकडे पाहत उठतो, त्यामुळे त्याचा शब्द मोबाइलमधल्या अंदाजापेक्षा मी अधिक मानतो.

पायांची नखे आदल्या रात्री कापावीत. हे किरकोळ वाटेल, पण लांब उतरणीत पाय बुटात पुढे सरकत राहतो आणि वाढलेले नख दर पावलाला बुटाच्या टोकावर आदळते. संध्याकाळी काळीनिळी झालेली नखे घेऊन उतरणाऱ्यांची संख्या या वाटेवर कमी नसते. फोड आले असतील तर त्यांवरची पट्टीही रात्रीच बदलावी. सकाळच्या घाईत ती नीट बसत नाही.

सकाळ: प्लांप्राझपर्यंतची आडवी वाट

नाश्ता मिळताच निघावे. शक्यतो सातच्या सुमारास पाऊल बाहेर पडलेले असावे. निघताना किमान दोन लिटर पाणी भरून घ्यावे. वाटेत प्लांप्राझ येथे आणि ब्रेव्हाँच्या माथ्यावर उपाहारगृहे आहेत, पण ती केबल कारच्या हंगामावर अवलंबून असतात, त्यामुळे त्यांच्या भरवशावर रिकामी बाटली घेऊन चालू नये.

ला फ्लेजेर ते प्लांप्राझ ही साधारण दोन तासांची आडवी वाट ‘ग्राँ बाल्कों स्यूद’ या नावाने ओळखली जाते. चढउतार किरकोळ असतात. समोर मेर द ग्लासची हिमनदी, तिच्या डोक्यावर एग्वी व्हेर्तचा ४१२२ मीटरचा सुळका आणि मागे ग्राँद झोरासची भिंत दिसत असल्यामुळे पावलागणिक थांबावेसे वाटते. थांबावे, परंतु प्लांप्राझला पोहोचण्याची वेळ मनात धरून थांबावे. सकाळी दहापर्यंत तेथे पोहोचलो तर दिवस हातात आहे असे समजावे.

प्लांप्राझ सुमारे २००० मीटरवर आहे आणि शामोनीहून येणारी गोंडोला (लहान बंद डब्यांचा रज्जुमार्ग) येथे पोहोचते. दिवसाचा खरा निर्णय घ्यायची जागा हीच. अंदाजात दुपारच्या वादळाची शक्यता असेल, ढग सकाळीच फुलकोबीसारखे वर फुगू लागले असतील, किंवा सोबत्यांपैकी एखाद्याचा गुडघा आदल्या दिवसापासून दुखत असेल, तर येथून गोंडोलाने शामोनीत उतरून बसने ले ऊश गाठता येते. अशाने फेरी अपूर्ण राहिली असे काहींना वाटते. मला तसे वाटत नाही, आणि ज्यांना वाटते त्यांनी तो शेवटचा तुकडा पुढच्या दिवशी सावकाश करावा. मुक्कामाचा एक दिवस हाताशी राखण्याचा हाही एक उपयोग आहे. दुखऱ्या गुडघ्यावर दीड हजार मीटर उतरण्याचा हट्ट केला, तर मात्र त्याची किंमत घरी परतल्यानंतरही काही आठवडे मोजावी लागते.

ब्रेव्हाँची चढाई

प्लांप्राझपासून ब्रेव्हाँच्या खिंडीपर्यंत (२३६८ मीटर) वळणावळणाची चढण आहे. तासाभरात ती संपते. खिंडीत जिनिव्हा सरोवराकडून दक्षिणेला नीसकडे जाणारी जीआर ५ ही दीर्घ पायवाट येऊन मिळते आणि पुढे ले ऊशपर्यंत दोन्ही वाटा एकत्र जातात. त्यामुळे येथून लाल-पांढऱ्या पट्ट्यांच्या खुणा धरून चालावे, म्हणजे धुक्यातही वाट हरवत नाही.

खिंडीनंतर वाट शामोनीची बाजू सोडून डोंगराच्या पाठीमागे जाते आणि मोठमोठ्या शिळांमधून पुढे सरकते. या भागात बर्फाचे पट्टे जुलैमध्येही टिकून राहतात, आणि सकाळी ते कडक असल्यामुळे निसरडे असतात. काही ठिकाणी लोखंडी कठडे आणि एक छोटी शिडी आहे. सह्याद्रीतील शिड्यांची सवय असलेल्याला ती अवघड वाटणार नाही, पण शिडीपाशी पोहोचण्यापूर्वी काठ्या मिटवून सॅकला बांधाव्यात, कारण दोन्ही हात मोकळे हवेत, आणि मनगटात लोंबकळणारी काठी शिडीच्या पायरीत अडकून तोल घालवते. पावसात किंवा गडगडाट ऐकू येत असताना या भागात मुळीच शिरू नये. उघडा कडा, ओले दगड आणि हाताशी लोखंड, असे तिन्ही धोके येथे एकत्र येतात.

ब्रेव्हाँच्या माथ्यावर केबल कारने आलेल्या पर्यटकांची गर्दी असते, आणि इतक्या दिवसांच्या शांततेनंतर ती थोडी खटकते. तरीही येथे अर्धा तास अवश्य बसावे. समोर एग्वी द्यु मिदीचा ३८४२ मीटरचा सुळका, त्याच्या उजवीकडे माँ ब्लाँचा घुमट, आणि त्या घुमटाखालून जवळजवळ खोऱ्याच्या दिशेने कोसळल्यासारखी उतरणारी बोसाँची हिमनदी दिसते.

त्या हिमनदीशी आपला एक दुःखद संबंध आहे. ३ नोव्हेंबर १९५० रोजी एअर इंडियाचे ‘मलबार प्रिन्सेस’ हे विमान माँ ब्लाँवर आदळले. त्यानंतर २४ जानेवारी १९६६ रोजी मुंबईहून लंडनकडे जाणारे ‘कांचनजंगा’ हे बोइंग ७०७ विमान त्याच परिसरात कोसळले, आणि त्यातील सर्व ११७ जणांचा मृत्यू झाला; डॉ. होमी भाभा हे त्यांपैकीच एक. माथ्याजवळच्या बर्फात गाडले गेलेले अवशेष हिमनदीच्या संथ प्रवाहाबरोबर दशकानुदशके खाली सरकत राहिले. २०१२ साली भारतीय राजनैतिक टपालाची एक पिशवी तिच्यातून बाहेर आली, आणि २०२० साली इंदिरा गांधींच्या निवडीची बातमी असलेली १९६६ ची भारतीय वर्तमानपत्रे सापडली. मराठी गटांतील बहुतेकांना हे ऐकून माहीत असते, पण हिमनदी नेमकी कोणती हे ठाऊक नसल्यामुळे ते तिच्याकडे न पाहताच पुढे जातात. म्हणून येथे मुद्दाम सांगितले.

दुपारी एकच्या आत माथा सोडावा. उन्हाळ्यात आल्प्समधील वादळे बहुधा दुपारनंतर जमतात, आणि तोपर्यंत आपण उघड्या धारेवरून खाली आलेले असणे आवश्यक आहे.

उतरण

उतरण सुरू करण्यापूर्वी पाच मिनिटे थांबून बूट नव्याने बांधावेत. पाय बुटात टाच टेकेपर्यंत मागे सरकवून, घोट्यापाशी नाडी घट्ट आवळून गाठ मारावी, म्हणजे बोटांना पुढे जागा राहते. काठ्यांची लांबी चढणीपेक्षा पाच ते दहा सेंटिमीटरने वाढवावी आणि काठी पावलाच्या आधी खाली टेकवावी. काठी मागे राहिली तर तिचा उपयोग केवळ शोभेपुरता उरतो. पावले लहान टाकावीत, गुडघा कधीही पूर्ण ताठ करू नये, आणि उंच पायरीवरून उडी मारण्याऐवजी आडवे वळून उतरावे. उतरताना मांडीचे स्नायू ताणलेल्या अवस्थेत शरीराचे वजन पेलून धरतात. दम लागत नाही, त्यामुळे आपण थकलो आहोत हे कळत नाही, आणि पहिली ठेच लागते तेव्हा पाय आधीच थरथरू लागलेले असतात. यावर एकच उपाय आहे: थकवा जाणवण्याची वाट न पाहता दर पाऊण तासाने बसावे, काही खारट खावे आणि पाणी प्यावे.

माथ्यापासून साधारण पाऊण तासात बेलाशाचे छोटे रेफ्यूज (२१५२ मीटर) लागते. येथे मोठा थांबा घ्यावा. बूट आणि मोजे काढून पाय वाऱ्यावर धरावेत आणि कोरडे मोजे चढवावेत. जेवण राहिले असेल तर येथेच जेवावे, कारण यानंतर बराच वेळ निवांत बसण्याजोगी सपाट जागा मिळत नाही. ज्यांच्याकडे एक दिवस अधिक आहे त्यांनी शेवटचा मुक्काम ला फ्लेजेरऐवजी बेलाशालाच करण्याचा विचार करावा. मग दीड हजार मीटरची उतरण दोन दिवसांत विभागली जाते, खालचा भाग सकाळच्या गारव्यात उतरता येतो, आणि संध्याकाळच्या उन्हात माँ ब्लाँ पाहायला मिळतो तो वेगळाच. माझ्या मते या टप्प्याची ही सर्वांत चांगली विभागणी आहे, आणि तिचा लाभ फार थोडे लोक घेतात.

बेलाशाच्या खाली वाट उभी उतरते. सुरुवातीला खडकाळ नागमोडी वळणे आहेत, काही ठिकाणी ओढ्याच्या घळीच्या काठाने जाताना हाताला आधारही लावलेले आहेत, आणि जेथे घसारा आहे तेथे दोघांमधील अंतर वाढवून चालावे, म्हणजे वरच्याच्या पायाखालून सुटलेला दगड खालच्याला लागत नाही. मग झाडी सुरू होते. सावली मिळाल्याबरोबर वेग वाढवण्याचा मोह होतो, पण जंगलातील मुळे आणि बारीक मातीचा थर याच ठिकाणी पाय मुरगळण्याचे निमित्त होतात. साधारण १५०० मीटरवर मेर्ले हे प्राणी उद्यान लागते. रानबोकड, मार्मोट असे डोंगरी प्राणी फेरीत कोठेच दिसले नसतील तर ते येथे दिसतात, मात्र प्रवेशशुल्क भरून. पुढे खुणा काळजीपूर्वक पाहाव्यात, कारण पायवाट, गाडीरस्ता आणि जंगलातील इतर फिरण्याच्या वाटा येथे एकमेकांत मिसळतात. झाडीतच १९३४ साली उभारलेला, सुमारे २५ मीटर उंचीचा येशू ख्रिस्ताचा काँक्रीटचा पुतळा लागतो. तो दिसला की खाली पोहोचायला फार वेळ उरलेला नाही.

वाटेत कोणाला दुखापत झाल्यास ११२ या क्रमांकावर संपर्क साधावा आणि शेवटची ओळखलेली खूण, म्हणजे बेलाशा, मेर्ले किंवा पुतळा, यांपैकी कोणत्या ठिकाणाच्या वर किंवा खाली आहोत, ते सांगावे.

ले ऊशमध्ये पोहोचल्यावर

पायवाट ले ऊशच्या रेल्वे स्थानकाजवळ उतरते, पण गाव आर्व नदीच्या पलीकडे, थोड्या चढावर आहे. ही दहा-पंधरा मिनिटांची शेवटची चढण नकाशावर कोणाच्या लक्षात येत नाही आणि प्रत्यक्षात सर्वांच्या लक्षात राहते. जेथून फेरी सुरू केली होती त्या जागी छायाचित्र काढायचे असेल तर गावापर्यंत जावेच लागते.

फ्रान्समधील उपाहारगृहे दुपारचे जेवण साधारण दोनपर्यंतच देतात आणि रात्रीचे सातच्या सुमारास सुरू करतात, त्यामुळे चार-पाच वाजता भुकेने कासावीस होऊन पोहोचलेल्या माणसाला कॉफी, केक किंवा बेकरीतील पावाखेरीज फारसे काही मिळत नाही. सॅकमध्ये एखादा खाण्याचा पुडा या वेळेसाठीच मागे ठेवावा. मुक्कामासाठी, शक्य असल्यास, पहिल्या रात्री जेथे राहिलो होतो तेच घर निवडावे आणि शहरी कपड्यांची बॅग तेथेच ठेवून फेरीला निघावे. तेथील यजमान पाहुण्यांसाठी खोऱ्यातील बस आणि रेल्वेच्या सवलतीचे कार्ड देत असल्यास तेही आठवणीने मागून घ्यावे.

जिनिव्हाचे विमान दुसऱ्या दिवशी दुपारनंतरचे असावे. विमानतळापर्यंत मिनीबसने साधारण दीड तास लागतो, आणि उन्हाळ्यातील सुट्ट्यांत शनिवारी रस्त्यावर गर्दी असल्यास अधिक. तिचे आरक्षण आधी करावे लागते. रेल्वेने जायचे असल्यास ले ऊशहून छोट्या गाडीने सां-जर्व्हे येथे उतरून गाडी बदलावी आणि आनमासमार्गे जिनिव्हा गाठावे. हा प्रवास स्वस्त आणि सुंदर आहे, परंतु त्याला रस्त्याच्या जवळजवळ दुप्पट वेळ लागतो आणि एक गाडी चुकली की पुढचे सगळे जोड बिघडतात.

सामान भरताना ट्रेकिंगच्या काठ्या स्वच्छ करून, मिटवून मोठ्या बॅगेत टाकाव्यात, कारण त्या हातातील सामानात बहुधा अडवल्या जातात. स्वयंपाकाच्या गॅसचा डबा मात्र विमानात कोणत्याच सामानात चालत नाही; त्यात गॅस शिल्लक असेल तर तो कचऱ्यात न फेकता यजमानांना विचारून त्यांच्याकडे ठेवावा. पुढच्या सकाळी फेरीला निघणारा कोणी ना कोणी तो मागतोच.